'इयत्ता' आणि स्वगती

'इयत्ता' हा शब्द मराठीने शाळेपुरता करून टाकला. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ 'इतकेपणा', ठरीव परिमाण असा आहे. उच्च प्राथमिक वर्गात प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने शिकावे, असे म्हणणारा या इतकेपणालाच हात घालीत असतो. पुष्कळदा त्याला त्याची जाणीव नसते, इतकेच.

हेलन पार्कहर्स्ट यांना ती होती. १९२२ साली त्यांनी ग्रंथरूपाने मांडलेल्या डाल्टन योजनेत तासांचे वेळापत्रक मोडले आहे, शिस्त मोडलेली नाही. विद्यार्थी महिन्याचे काम करार म्हणून अंगावर घेतो, विषयवार दालनांत जाऊन ते करतो आणि आपली प्रगती तक्त्यावर नोंदवितो. मात्र ही योजना दालने गृहीत धरते. अंधेरी-घाटकोपरसारख्या उपनगरांत जागेअभावी दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत सकाळी जे बाक सातवीचे, ते दुपारी दुसऱ्याच वर्गाचे होतात. तेथे करार मुलाच्या वहीतच राहिला पाहिजे. आणि वही उघडणे, आदल्या दिवशीची खूण पाहणे, अडल्यास आधी शेजाऱ्याला व मग शिक्षकाला विचारणे, शाळा सुटण्यापूर्वी नवी खूण करणे, हा क्रम रोज तोच असला पाहिजे. नित्यक्रम म्हणजे जाच, ही समजूत येथे टिकत नाही. क्रम अंगवळणी पडला की पस्तीस मुलांना सूचना देण्यात जाणारा वेळ अडलेल्या चौघांच्या वाट्याला येतो.

कायद्याची भाषा मात्र दुहेरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २४ वे कलम शिक्षकाला ठरावीक मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करण्यास सांगते, आणि लगेच पुढच्या खंडात प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जरूर तर जादा शिकविण्यासही सांगते. सहावी ते आठवीसाठी त्याला वर्षाचे किमान २२० दिवस आहेत. या ओढाताणीत सरशी होते ती 'धडा झाला' या वाक्याची. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष. कर्ता धडाच, शिकणारे मूल कोठेच नाही. कोणाचा झाला, हे विचारण्याची सोय त्या रचनेत नाही.

वहीतील खुणेपुढे मूल 'मी धडा केला' असे लिहू लागले म्हणजे कर्ता परत येतो. पण तेवढ्यावर थांबणाऱ्या वर्गात स्वगतीची पाने उलटण्याची शर्यत होते. खरी नोंद 'मला जमला' ही. येथे मूल चतुर्थीत जाते, कर्तेपण सोडते. आकलन हुकमी नसते, एवढे हे रूप प्रामाणिकपणे कबूल करते. म्हणून या नोंदीची तोंडी पडताळणी नित्यक्रमातच असणे भाग आहे. तिच्यासाठी वेळ कोठून काढावा, याचे उत्तर त्या २२० दिवसांचे नियोजन करणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.