'सामान्य' : एक विशेषण, दोन निवाडे

एखाद्या कादंबरीत सामान्य माणसाचे जीवन आले आहे, असे समीक्षक लिहितो तेव्हा तो तिचा गौरव करीत असतो; 'ही कादंबरी सामान्य आहे' असे तोच लिहितो तेव्हा तिची वासलात लावीत असतो. एकाच विशेषणाने दोन परस्परविरुद्ध निवाडे द्यावेत, ही गोष्ट विचारार्ह आहे. इंग्रजीतील 'कॉमन', 'ऑर्डिनरी' आणि 'मीडिऑकर' या तिन्ही शब्दांना आपण पुष्कळदा 'सामान्य' हाच प्रतिशब्द योजतो. त्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो.

वस्तुतः या तिन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. लॅटिन 'कोम्यूनिस' म्हणजे अनेकांत समाईक असलेले. त्यापासून 'कॉमन' आला. 'ऑर्डिनरी'च्या मुळाशी 'ओर्डो', म्हणजे ओळ किंवा क्रम, आहे. चर्चच्या कायद्यात तर स्वतःच्या पदामुळेच अधिकार लाभलेल्या धर्माधिकाऱ्यास ही संज्ञा आहे. 'मीडिऑकर'चा मूलार्थ डोंगराच्या मध्यापर्यंतच पोहोचलेला, असा आहे. म्हणजे उणेपणाचे बीज मुळात या तिसऱ्या शब्दातच आहे. पहिल्या दोहोंना तो अर्थ मागाहून चिकटला.

आपल्याकडेही हेच घडले. वैशेषिक दर्शनात 'सामान्य' हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. अनेक व्यक्तींत एकत्वाने राहणारा धर्म, असा त्याचा अर्थ. भट्टनायकाने रसास्वादाची उपपत्ती सांगताना 'साधारणीकरण' ही संज्ञा योजली. परंतु आज 'साधारण कविता' म्हटले की ती कविता रसहीन समजावी! मराठवाड्याच्या बोलीतही असाच दाखला मिळतो. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपलीकडील पडेगावसारख्या वस्तीत, जेथे मराठी आणि दखनी शेजारी नांदतात, 'मामूली' म्हणजे क्षुल्लक. हा शब्द ज्या अरबी 'मामूल'पासून आला, त्याचा अर्थ मात्र रूढ, वहिवाटीचा असा आहे. जुन्या मराठी कागदपत्रांतील 'मामूलप्रमाणे' या प्रयोगात तो शाबूत आहे. जे नित्याचे ते हलके, ही समजूत अशी तीन भाषांत स्वतंत्रपणे रुजलेली दिसते.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. सर्वांच्या वाट्याचे ते कमी प्रतीचे, असा निर्णय शब्दच परस्पर देऊन टाकतो आणि समीक्षकास तो सिद्ध करावा लागत नाही. पैठणच्या एकनाथांनी 16व्या शतकात प्राकृत भाषेची कैवारी बाजू घेतली, ती अशाच पूर्वग्रहाविरुद्ध होती; 'प्राकृत' म्हणजे स्वाभाविक, आणि तरीही ते हीन मानले जात होते.

यावर उपाय दुर्लभ नाही. 'कॉमन'चा अर्थ प्रसंगानुसार 'समाईक' किंवा 'सर्वांचा' असा द्यावा. 'ऑर्डिनरी'स 'नित्याचा' किंवा 'नेहमीचा' म्हणावे. आणि 'मीडिऑकर'साठी 'सुमार' हा शब्द मराठीत तयारच आहे. ज्यास कृतीचा दोष दाखवावयाचा असेल त्याने 'सुमार' म्हणावे आणि कारणे द्यावीत. 'सामान्य' हे विशेषण माणसांसाठी राखून ठेवणेच इष्ट होय.