संगणकीय पोथीसूची व अनुपलब्धीचें प्रमाण

हस्तलिखितांच्या सूची आतां डेटाबेसांत ठेवण्याचा प्रघात पडला आहे. त्यामुळें शोध त्वरित लागतो, हा गुण निर्विवाद होय. परंतु ‘सूचींत शक आढळत नाहीं, सबब पोथी अनिर्दिष्टकाल’ असा जो निर्णय त्यांवरून केला जातो, त्याची चिकित्सा अवश्य आहे.

मायएसक्यूएल हा बहुप्रचारांतील डेटाबेस घ्या. एका पोथीसंबंधीं निरनिराळ्या नोंदी एकत्र जोडून देणारी ‘ग्रुप_कॉन्कॅट’ नांवाची सोय त्यांत आहे. तिच्या उत्तराची मर्यादा मुळांतच १,०२४ बाइट ठरविलेली असते. साध्या रोमन अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरी चिन्हास यूटीएफ-८ पद्धतींत तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीं चिन्हें पृथक् मोजलीं जातात. म्हणजे सुमारें ३४१ चिन्हांनंतर आपला मजकूर तुटतो. डेटाबेस तशी सूचना नोंदवितो खरी. पण ती विचारल्यावांचून बहुधा दिसत नाहीं. नोंदी पोथीच्या क्रमानें जोडल्या असल्यास प्रथम गळते ती पुष्पिका, आणि शक, स्थळ व लेखकाचें नांव तर तेथेंच असतें!

मारियाडीबी या त्याच्याच शाखेनें १०.२.४ या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ बाइट केली. म्हणून एकच सूची दोन ठिकाणीं दोन उत्तरें देऊं शकते. हा पाठभेद कोणा लेखकाच्या प्रमादाचा नव्हे, तर यंत्राच्या मापाचा होय.

त्रुटित पोथींत पत्रांक खंडित होतो, त्यावरून लोप कळतो. येथें वाचकापुढें तशी खूण नसते. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें. तथापि वस्तु असती तर दिसलीच असती, अशी योग्यता असेल तरच. तुटलेल्या उत्तरास ती योग्यता नाहीं.

उपाय सुलभ आहे. शोधापूर्वीं ‘ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन’ ही मर्यादा वाढवावी. शोधानंतर लगेच ‘शो वॉर्निंग्स’ या आज्ञेनें सूचना पाहाव्या. उत्तराची लांबी १,०२४ बाइटांच्या लगत आढळल्यास संशय धरावा. आणि नोंदींची संख्या स्वतंत्रपणें मोजून ताडून घ्यावी. सूचीकारांनीं प्रत्येक उत्तराखालीं ‘संपूर्ण’ किंवा ‘त्रुटित’ असें स्पष्ट लिहावें. तसें होईपर्यंत अशा सूचीचें ‘आहे’ ग्राह्य धरावें; ‘नाहीं’ मात्र मूळ पोथी पाहिल्याविना धरूं नये.