उन्हाळी सुट्टीतील बालवाचन : ग्वाल्हेरच्या मराठी व उर्दू घरांच्या संदर्भात पुस्तक-निवडीचा विचार

एप्रिल महिना लागला की शाळा आणि ग्रंथालये मुलांच्या सुट्टीतील वाचनासाठी पुस्तकांच्या याद्या तयार करतात. या याद्यांत सर्वसाधारणपणे दोन रकाने असतात : ‘संस्कारक्षम’ आणि ‘मनोरंजक’. पहिल्या रकान्यातील पुस्तके पालक विकत घेतात, दुसऱ्यातील मुले वाचतात. चांगली बालकथा अशी दोन भागांत तोडता येते काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याच्या अनुषंगाने चार प्रसिद्ध कृतींचे थोडक्यात परीक्षण करून पुस्तक-निवडीचे काही निकष मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. भाषिक पार्श्वभूमी

ग्वाल्हेर शहराच्या ज्या भागात मराठी वस्ती दाट झाली त्याचे नाव लष्कर. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे शहर वसले. ‘उर्दू’ या तुर्की शब्दाचा मूळ अर्थही छावणी असाच आहे. या परिसराने मराठीला भा. रा. तांबे (1873–1941) दिले आणि उर्दूला जाँनिसार अख़्तर. जाँनिसार 1914 साली ग्वाल्हेरात जन्मले आणि येथील व्हिक्टोरिया कॉलेजात त्यांनी उर्दू शिकवली. ग्वाल्हेरला या दोन्ही भाषा पाहुण्या नाहीत.

आज मात्र दोन्ही घरांतील मुलांची शाळा बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते. परिणामी एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे. मराठी घरातील मुलाजवळ लिपी आहे, कारण देवनागरी तो हिंदीमुळे वाचतो. पण मराठी भाषा त्याच्यापासून दुरावत चालली आहे. उर्दू घरातील मुलाजवळ भाषा आहे, ती तो दिवसभर बोलतो आणि ऐकतो. पण तिची लिपी त्याला येत नाही. एकाला अक्षर ओळखीचे आणि शब्द परका, दुसऱ्याला शब्द ओळखीचा आणि अक्षर परके. महाराष्ट्रात तयार झालेली यादी येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही, त्याचे कारण हेच आहे.

२. चार कृती

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती 1935 साली प्रसिद्ध झाली. पुस्तकाची रचना रात्रींची आहे. आश्रमातील मंडळी जमतात आणि श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठी रचलेले आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊन ‘वाच’ म्हटले की कोकणातील घर, व्रते, झाडे-फुले यांची नावे त्याला अडवतात आणि दहाव्या पानावर पुस्तक बंद होते. तेच रात्री एक याप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले तर मूल पुढच्या रात्रीची वाट पाहते. या पुस्तकात उपदेश उघड आहे, हे मान्य केले पाहिजे. आई बोलते, श्याम शिकतो आणि शिकलेले पुन्हा सांगतोही. तरीही ते टिकले, कारण उपदेशाच्या आधी प्रसंग घडतो. पाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी आपले ओचे धोंडीवर पसरणारी आई मुलाला दिसते, आणि दिसलेले विसरले जात नाही.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (1933) याच काळातील. आजीच्या छायेत वाढणारा अनाथ हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो. सोबती झुल्यावर बसतात, मिठाई खातात, भिश्ती, शिपाई, वकील अशी मातीची खेळणी घेतात. हामिद मात्र आजीची बोटे भाजू नयेत म्हणून चिमटा विकत घेतो. ही कथा त्यागाचा धडा म्हणून शिकवली जाते आणि तेथेच तिची हानी होते. कथेतील सर्वांत रंगतदार भाग परतीच्या वाटेवरील वादाचा आहे. चिमटा श्रेष्ठ की खेळणी, यावर हामिद एकटा साऱ्यांना निरुत्तर करतो. त्याचे युक्तिवाद अजब आहेत, काही तर निव्वळ थापा आहेत, आणि मुलांना नेमके तेच आवडते. पुढे घरी पोहोचल्यावर मातीची खेळणी एकामागून एक फुटतात. लेखक खेळणी फोडतो, बोट उगारत नाही. येथे गंमत वेगळी काढली तर शिकवण उरतच नाही. शिवाय ही कथा देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत मिळते, हा ग्वाल्हेरच्या दृष्टीने मोठा लाभ आहे.

तिसरी कृती डॉ. ज़ाकिर हुसैन यांची ‘अब्बू ख़ाँ की बकरी’. ज़ाकिर साहेब 1926 ते 1948 या काळात जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते आणि 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. या कथेचे मूळ अल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीत आहे. 1869 च्या त्याच्या कथासंग्रहात ती समाविष्ट झाली. दोदेची गोष्ट एका कवीला उद्देशून लिहिलेली आहे आणि तिचा रोख असा की, स्वातंत्र्याच्या नादी लागाल तर लांडगा खाईल. ज़ाकिर साहेबांनी गोष्ट अल्मोड्याच्या डोंगरात आणली, बकरीला चाँदनी हे नाव दिले आणि तिचा रोखच बदलून टाकला. चाँदनी रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरच्या पक्ष्यांत कोण जिंकले याची चर्चा होते. सारे लांडग्याचे नाव घेतात. एक म्हातारी चिमणी तेवढी चाँदनी जिंकली म्हणते. पारतंत्र्याच्या काळात एका शिक्षकाने मुलांसाठी केलेला हा बदल समीक्षकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. पुष्कळ पालकांना हा शेवट मुलांसाठी कठोर वाटतो. परंतु मरण लपवणारी कथा मुलाला जे देऊ शकत नाही ते येथे मिळते : न्याय काय, यावर वाद घालण्याची मुभा. गोष्ट संपल्यावर वर्गात कोण कोणत्या पक्ष्याच्या बाजूने, एवढेच विचारावे. अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

चौथी कृती भा. रा. भागवतांची ‘फास्टर फेणे’ ही मालिका. भागवतांचा जन्म 1910 साली इंदूरचा, म्हणजे तेही मध्य भारताचेच. 1951 मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत येतो, सायकल दामटतो आणि संकटात उडी घेतो. येथे उपदेश जवळजवळ नाही. वाक्ये छोटी, संवाद भरपूर आणि प्रकरणाचा शेवट असा की पुढचे पान उलटावेच लागते. मराठी वाचनाची सवय सुटलेल्या मुलासाठी हेच गुण मोलाचे आहेत. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुणेरी बोलीतील काही शब्द बाहेरच्या मुलाला अडतात आणि धाडसाचा मक्ता बहुतेक मुलग्यांकडेच राहतो. म्हणून या मालिकेच्या जोडीला माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेसारखी चित्रमय, घरगुती भाषेतील पुस्तके लहान वयासाठी ठेवावीत.

३. निवडीचे निकष

वरील परीक्षणावरून पुढील निकष सुचतात.

(अ) भाषेचे सापळे. हिंदी वाचणारे मूल मराठी पुस्तक उघडते तेव्हा ओळखीच्या शब्दांनीच ते फसते. ‘शिक्षा’ म्हणजे त्याला शिक्षण वाटते, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘संसार’ म्हणजे जग. आणि तानसेनच्या गावात ‘राग’ म्हणजे आधी गाणेच. असे शब्द टाळणारे पुस्तक शोधू नये. ते शब्द प्रसंगातून उलगडतील असे पुस्तक शोधावे. या गमतीतून मूल दोन्ही भाषा नीट शिकते.

(आ) अक्षरांची काळजी. देवनागरीत छापलेल्या उर्दू कथांत पुष्कळदा नुक़्ते गाळलेले असतात. मग ‘राज़’ आणि ‘राज’ एक होतात, ‘ख़ुदा’ आणि ‘खुदा’ यांत फरक राहत नाही. नुक़्ते सांभाळणारी आवृत्तीच घ्यावी. मराठीत हीच गोष्ट ‘ळ’ची आहे, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील अंतर कानाने कळते. ‘चहा’तील आणि ‘चार’मधील ‘च’ तर लिपी वेगळा दाखवतच नाही. म्हणून मोठ्याने वाचन अपरिहार्य आहे.

(इ) एक पुस्तक, अनेक भाषा. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत तेच चित्र, तीच गोष्ट वेगवेगळ्या भारतीय भाषांत मिळते. 2015 पासून प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी आणि उर्दू गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. ओळखीची गोष्ट अनोळखी लिपीत वाचणे सोपे जाते. देवनागरीतून उर्दू वाचल्यास उर्दू लिपी बुडेल, अशी भीती काही अभ्यासक व्यक्त करतात. ती निराधार नाही. देवनागरीवरच थांबलो तर ती खरी ठरेल. परंतु ज्याला गोष्टीची गोडीच लागली नाही तो लिपी कशासाठी शिकेल? देवनागरी प्रत हा उंबरठा समजावा आणि त्याच सुट्टीत उर्दू प्रत शेजारी ठेवावी.

(ई) दुसऱ्याचे घर. मुलाच्या यादीत शेजारच्या समाजाचे निदान एक पुस्तक असावे आणि त्यात त्या समाजाची माणसे नुसती शोभेला किंवा खलनायक म्हणून नसावीत. मराठी मुलाला हामिद भेटावा आणि उर्दू मुलाला श्याम. दोघांनाही घरी वाट पाहणारे कोणी आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही.

(उ) नियतकालिके. पुस्तक जड वाटणाऱ्या मुलासाठी बालभारतीचे ‘किशोर’ (1971 पासून) आणि भोपाळच्या एकलव्य संस्थेने 1985 मध्ये सुरू केलेले हिंदी ‘चकमक’ यांचे जुने अंकही पुरेसे आहेत. त्यात कथा, कोडी, विज्ञान एकत्र येते आणि कोठूनही सुरुवात करता येते.

४. समारोप

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि लू सुरू झाली की दुपारी मुले घरातच असतात. हे चार तास सामुदायिक महाविद्यालयाच्या अध्यापकाच्या थेट हाती नाहीत. पण आपले विद्यार्थी त्या घरांत राहतात. त्यांपैकी अनेक जण घरातील पहिले शिकलेले, कोणी आई आहे, कोणी मोठा भाऊ. सुट्टीपूर्वी प्रत्येकाला एक पुस्तक देऊन धाकट्यांना ते रोज मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम सोपवावे, आणि परत आल्यावर मुलांनी काय विचारले एवढेच लिहून आणण्यास सांगावे. गोषवारा मागू नये. मुलांच्या प्रश्नांवरून पुढच्या वर्षीची यादी तयार करावी. अशी यादी दोन रकान्यांची राहणार नाही, असा विश्वास वाटतो.