निर्भया निधी: कॅमेऱ्यांपलीकडचा प्रश्न

दिल्लीतली घटना डिसेंबर २०१२ची. पुढच्याच अर्थसंकल्पात, २०१३मध्ये, हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. त्याचं आम्ही स्वागतच करतो. पण त्यातून काय उभं राहिलं? ११२ क्रमांक, शहरांतले कॅमेरे, न्यायवैद्यक प्रयोगशाळांना बळ, जलदगती न्यायालयं, सखी वन स्टॉप सेंटर. सगळं गरजेचं. मात्र यातलं बहुतेक हिंसा घडताना किंवा घडून गेल्यावर कामाला येतं.

आता २०२२चे आकडे पाहा. देशात स्त्रियांविरुद्धचे सुमारे ४ लाख ४५ हजार गुन्हे नोंदले गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१ टक्क्यांहून थोडा जास्त, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा. तिथे कॅमेरा काय करणार? आणि ज्याची नोंदच नाही त्याचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. म्हणजे बाईला विश्वास वाटू लागला, की तक्रारी वाढणारच. पोलीस ठाण्यातल्या आकड्यांवरून योजनेला पास-नापास करणं म्हणूनच चूक आहे.

मग कळणार कसं? विचारावं लागतं. योजनेच्या आधी आणि नंतर, एकांतात, प्रशिक्षित बाईने, घरच्यांच्या कानावर जाऊ न देता. याला पैसा लागतो. युगांडातल्या कंपालात ‘सासा’ या कार्यक्रमाची अशी चाचणी झाली. आठ वस्त्या घेतल्या, चार वस्त्यांत काम केलं, चार तुलनेला ठेवल्या. काम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी दिसली. पण वस्त्या आठच, त्यामुळे हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पक्कं उत्तर हवं तर चाचणी मोठी हवी, आणि पैसा सलग काही वर्षं हवा.

मुंबईत १९८४पासून पोलीस ठाण्यांत स्त्रियांसाठी विशेष कक्ष चालतात, टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेले. मारणारा हात कशाने थांबतो, याचा तिथे कितीतरी अनुभव साठलाय. तो तपासून पाहणं हेही प्रतिबंधाचंच संशोधन.

आमची मागणी छोटी आहे: योजना मंजूर करतानाच तिच्या तपासणीचा खर्च धरा. कुणी म्हणेल, योजना फसली असं निघालं तर? तर ती बदलता येईल. न तपासता चालू ठेवली, तर त्या चुकीची किंमत आपण नाही, घरात मार खाणारी बाई मोजते.