रोजच्या पेहरावाची रोजनिशी

दिवाळी आली की घरोघरी नव्या कपड्यांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ज्यात दिवाळी आहे असा एक नवा प्रकार आमच्या तरुण मंडळींनी काढला आहे, आणि त्याची कोणा टीकाकाराने दखल घेतलेली निदान माझ्या पाहण्यात नाही. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या नावावर आहेत म्हणून लोक लेखक म्हणतात इतकेच. तरी हे धाडस करतो.

हा प्रकार म्हणजे रोजच्या पेहरावाची छायाचित्रे. इन्स्टाग्राम निघाले २०१० साली. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील आणले, आणि मग याला पूरच आला. विशी-पंचविशीतला मुलगा तयार होऊन आरशासमोर उभा राहतो, हातातल्या फोनने स्वतःला टिपतो आणि शर्ट कुठला, बूट कुठले हे खाली लिहितो. संध्याकाळी तोच मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा बांद्र्याला रणवारच्या रंगवलेल्या भिंतींपाशी दिसतो. कपडे आणि शहर यांची ही रोजनिशीच म्हणा ना!

आमच्या वयाची माणसे याला नटवेपणा म्हणून नाक मुरडतात. मला ते पसंत नाही. कपडा ही क्षुल्लक बाब आहे असे ज्याला वाटते, त्याने आपलाच इतिहास नीट वाचलेला नाही. गांधीजींनी १९२१ साली मदुरेस पंचा पत्करला, तो गरिबांशी नाते सांगण्यासाठी. बाबासाहेब आंबेडकर सुटाबुटात वावरले, आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या भगिनींना त्यांनी सांगितले की, लुगडे वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका नेसतात तसे नेसा. ज्या समाजात चांगले वस्त्र अंगावर घालण्याचीही काहींना मनाई होती, तिथे खेड्यातून आलेल्या पोराने कडक इस्त्रीचा शर्ट घालून जगाला दाखवला, तर हसण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.

मग उणे कुठे आहे? न्यूयॉर्कला बिल कनिंगहॅम नावाचे छायाचित्रकार होते. २०१६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले. स्वतः कामगाराचे साधे निळे जाकीट घालून ते सायकलवरून हिंडत आणि रस्त्याने जाणाऱ्यांचे कपडे टिपत. न्यूयॉर्क टाइम्समध्ये ती चित्रे वर्षानुवर्षे छापून आली. पाण्याची डबकी ओलांडताना उड्या मारणारी माणसेही त्यांत आहेत. तिथे शहर कपड्यांना भिजवते, चुरगाळते. आमच्या मुलांच्या चित्रांत शहर नाटकातल्या पडद्यासारखे नुसते मागे टांगलेले असते. लोकलच्या गर्दीत मुरडलेली बाही नाही, पाठीवरचा घाम नाही. एकदा दिसलेला शर्ट पुन्हा दिसणे ही तर जणू नामुष्कीच.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत नोकरीच्या शोधात आहे. वर्षभर मी त्याची चित्रे नेमाने पाहिली. एक चौकटीचा शर्ट माझ्या लक्षात राहिला, कारण त्याचे वरून दुसरे बटण वेगळ्या रंगाचे होते. पुढे तोच शर्ट, त्याच बटणासकट, त्याच्या दोन मित्रांच्या अंगावर दिसला. मी फोन केला. तो हसत म्हणाला, "सर, खोलीत आम्ही चौघे आणि धड शर्ट सात. ज्याची मुलाखत, त्याला इस्त्रीचा."

मी म्हटले, "अरे, मग हेच लिही की चित्राखाली!"

"ते कोण बघणार, सर?"

वाचकहो, मी बघितले असते. सात शर्टांवर चौघांनी शहराला तोंड द्यायचे, ही त्या साऱ्या चित्रांतली खरी गोष्ट. आणि नेमकी तीच चौकटीबाहेर राहिली. भपक्याबद्दल मी या कलेला नावे ठेवत नाही. तिच्यात जे अभिमानाने सांगण्याजोगे आहे, तेच ती लाजून झाकते, एवढीच माझी तक्रार आहे.

पण ही लाज त्याला शिकवली कोणी? सातवीत असताना 'माझी दिवाळी' या निबंधात त्याने लिहिले होते की, थोरल्या भावाचा सदरा आईने आत घेऊन दिला आणि तोच मी पाडव्याला घातला. ते वाक्य मी लाल शाईने खोडले. असले घरचे निबंधात लिहू नये, असे वर बजावलेही. त्याने वही शांतपणे मिटली होती. म्हणजे चौकट आखायला त्याला प्रथम मीच शिकवले म्हणायचे.

गेल्या आठवड्यात मी त्याला पत्र टाकले. ते वाक्य जसे आठवले तसे पुन्हा लिहिले आणि खाली पुरते गुण दिले. उत्तर अजून आलेले नाही. आपल्या घरातला कोणी मुलगा यंदा नव्या कपड्यांत चित्र काढून दाखवील, तेव्हा 'छान' म्हणाच. पण गेल्या वर्षीचा सदरा कुठे आहे, हेही मायेने विचारा.