तमाशापटांचे पार्श्वसंगीत आणि लोकवर्गणीतील पुनर्ध्वनिमुद्रण

जुन्या चित्रपटांचे पार्श्वसंगीत नव्याने वाजवून घ्यावे, ते स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्याचा खर्च रसिकांनीच वर्गणी काढून सोसावा, ही कल्पना पाश्चात्त्य देशांत आता नवी राहिलेली नाही. चार्ल्स गेरहार्ट यांनी १९७२ पासून हॉलिवुडच्या जुन्या संगीताची एक ध्वनिमुद्रिकामालाच काढली. एल्मर बर्नस्टाइन हे स्वतः चित्रपटांचे संगीतकार. त्यांनी १९७४ मध्ये वर्गणीदारांचे एक मंडळ स्थापून त्या बळावर आपल्या पूर्वसूरींच्या रचना पुन्हा वाजवून घेतल्या. अलीकडे इंट्राडा या अमेरिकन ध्वनिमुद्रिका-संस्थेने 'डायल एम फॉर मर्डर' या हिचकॉकच्या १९५४ च्या चित्रपटाचे टियोम्किनकृत संगीत रसिकांच्या वर्गणीतून ध्वनिमुद्रित केले. ते वाजविले रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राने. मराठीत असा उपक्रम करावयाचा झाल्यास प्रथम आठवतात ते तमाशापट : अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९, संगीत वसंत पवार) आणि व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२, संगीत राम कदम). अशी इच्छा रसिकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या संगीतात पुन्हा वाजविण्याजोगे नेमके काय आहे आणि ते आज कोणापाशी आहे, याचा विचार त्या इच्छेच्या आधी व्हावयास हवा. त्या विचारात जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना अनपेक्षित महत्त्व येते.

येथे गीत आणि पार्श्वसंगीत यांतील भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. गीतांना ध्वनिमुद्रिकेचे आयुष्य लाभले. आशा भोसले यांनी गायिलेली 'सांगत्ये ऐका'तील बुगडीची लावणी किंवा 'पिंजरा'तील उषा मंगेशकरांच्या लावण्या चित्रपटगृहाबाहेर स्वतंत्रपणे नांदल्या, आजही नांदतात. पार्श्वसंगीताला हे भाग्य लाभले नाही. दोन गीतांच्या मध्ये वाजणारी हलगी, प्रवेश बदलताना उमटणारा ढोलकीचा तुकडा, संवादाखाली धरलेला पेटीचा सूर, हे सारे चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर संवाद आणि इतर आवाज यांच्याशी एकजीव होऊन बसले आहे. ते वेगळे काढता येत नाही म्हणूनच ते पुन्हा वाजवून घ्यावेसे वाटते. (सर्वच जुन्या मराठी चित्रपटांबाबत असा प्रश्न उद्भवत नाही. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये १९३७ साली पार्श्वसंगीत जाणीवपूर्वक टाळले होते आणि दृश्यातल्या स्वाभाविक आवाजांवरच काम भागविले होते. तेथे पुन्हा वाजविण्यासारखे काही नाही आणि त्या चित्रपटाचे मोठेपण काही अंशी त्यातच आहे.)

पाश्चात्त्य पुनर्ध्वनिमुद्रणाचा सारा डोलारा कागदावर उभा आहे. संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी, वाद्यवृंदाच्या प्रत्येक विभागासाठी केलेल्या तिच्या नकला, संचालकाची प्रत, यांपैकी काही ना काही हाती असेल तर काम चालते. एम. जी. एम. या चित्रसंस्थेने आपल्या संगीत-ग्रंथालयातील कागद १९७० च्या सुमारास जमिनीत गाडून टाकले. तेव्हा जॉन विल्सन या इंग्रज संचालकाला त्या संस्थेच्या संगीतिकांची स्वरलिपी चित्रपट पुनःपुन्हा ऐकून नव्याने लिहून काढावी लागली. हे काम अपार कष्टाचे होते, यात शंका नाही. तथापि विल्सनसमोरचे संगीत मुळात लिहूनच निर्माण झालेले होते. हरवलेला कागद त्याने कानाने परत मिळविला, इतकेच.

मराठी तमाशापटाची स्थिती याहून वेगळी आहे. या संगीतात दोन थर आहेत. एक थर लिखित होता. व्हायोलिनांचा ताफा, क्लॅरिनेट, चेलो यांसारख्या वाद्यांसाठी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोमंतकीय वादक पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून वाजवीत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या संयोजक-वादकांनी हिंदी चित्रपटात रुजविलेली ही पद्धत मराठी चित्रपटालाही परकी राहिली नाही. दुसरा थर अलिखित होता. ढोलकी, हलगी, तुणतुणे, मंजिरी यांच्या वादकांपुढे कागद नव्हता. त्यांना प्रसंग सांगितला जाई, लय धरून दिली जाई आणि बाकीचे त्यांच्या हातावर सोपविले जाई. लिखित थराचे कागद ध्वनिमुद्रण संपले की कोणी फारसे जपले नाहीत. म्हणजे पश्चिमेकडील वाद्यवृंदात जे टिकते ते येथे गेले, आणि तेथे ज्याला स्थान नाही ते येथे अजून काही प्रमाणात शिल्लक आहे. आजच्या मराठी चित्रपटाला ही अडचण येणार नाही. 'सैराट'च्या (२०१६) संगीतातील पाश्चात्त्य वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केला. तेथील वादकांपुढे लिहिलेले कागद असणारच. पन्नास वर्षांनी ते वाजवावयाचे ठरल्यास विल्सनइतके कष्टही पडू नयेत.

अलिखित थर म्हणजे काय, हे ढोलकीच्या उदाहरणावरून नीट ध्यानात येते. ढोलकीच्या शाईच्या बाजूला स्वर लावता येतो. दुसऱ्या, धुमाच्या बाजूला तळहाताच्या दाबाने स्वर वर सरकविला जातो. ती घुमारदार घसरण ढोलकीची खरी ओळख होय. पलुसकरांची किंवा भातखंड्यांची लिपी लावणीची चाल बऱ्यापैकी टिपते. पण ही घसरण किती खोल, कोणत्या क्षणी आणि नर्तकीच्या कोणत्या पदन्यासाला टेकून, हे टिपण्याची सोय त्या लिप्यांत नाही. हलगी तर प्रयोगाआधी शेकून ताणावी लागते आणि प्रयोगाच्या ओघात तिचा सूर उतरत जातो. हा उतारही त्या नादाचा भाग आहे. आजच्या ध्वनिमुद्रणगृहात वादकाच्या कानात यंत्राचा ठोका देऊन प्रत्येक वाद्य निरनिराळ्या वेळी मुद्रित करण्याची रीत आहे. ढोलकी जेव्हा नाचणारीच्या पायाकडे पाहून अर्ध्या मात्रेने थांबते किंवा पुढे उडी घेते, तेव्हा त्या ठोक्याचा तिला उपयोग नसतो. स्वच्छ आवाजाच्या हव्यासाने केलेले पुनर्ध्वनिमुद्रण नेमके हेच गमावील.

ही विद्या शिल्लक असलेल्या ठिकाणांत जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे स्थान अग्रगण्य आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात आणि ते नाव केवळ गौरवाचे नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि त्याच घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या कर्तृत्वाने ते कमावलेले आहे. यात्रांच्या हंगामात येथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतील आणि त्यांच्याही पलीकडच्या गावांचे पुढारी येथे येऊन आपापल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी फड ठरवितात आणि सुपारी देतात. ही सुपारी येते कोठून? गावाने घरटी काढलेल्या वर्गणीतून. या वर्गणीच्या जोरावर फड गावात येतो. गण, गौळण, बतावणी होते, आणि वगाला तोंड फुटण्यापूर्वी रंगबाजीत चित्रपटातील लावण्या व गाणी प्रेक्षकांच्या फर्माइशीवरून वाजविली जातात. रसिकांनी पैसे जमवून आवडते चित्रपटसंगीत जिवंत वादकांकडून पुन्हा वाजवून घेणे, ही जी गोष्ट नवी म्हणून मांडली जाते, ती मंचर-घोडेगावच्या परिसरातील शेतकरी आपल्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. फरक एवढाच, की त्याने ते मुद्रित करून ठेवले नाही. त्याला त्याची गरजही वाटली नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा यात्रा होतीच.

यावरून फड हा चित्रपटसंगीताचा जिवंत संग्रह आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फडात आज विजेवरची पेटी आणि विजेवरची तालवाद्ये आली आहेत. ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि तुणतुण्याचा आवाज त्यांच्यामागे कोठे जातो ते कळत नाही. प्रेक्षकांची फर्माइश बदलली, हिंदी गीते वाढली आणि बैठकीच्या लावणीची संथ लय रंगबाजीत टिकेनाशी झाली. त्यातच २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साथीमुळे यात्रा बंद राहिल्या. त्या हंगामांत फडांची जी आर्थिक वाताहत झाली तिच्या खुणा अद्याप पुसलेल्या नाहीत. हंगाम बुडाला की वादक दुसऱ्या कामाला लागतो, आणि सराव तुटलेला हात पूर्ववत होईलच असे नाही.

शिवाय 'मूळ' कोणते, हा प्रश्नही येथे सरळ नाही. चित्रपटाने लावणी घेतली ती फडातून आणि संगीतबारीतून. वसंत पवार हे सतारिये होते. त्यांच्या चालींत तमाशाचा ठेका आहे, पण त्या ठेक्याभोवती घातलेले सुरांचे रेखीव कोंदण फडातील नाही. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 'सांगत्ये ऐका' १३१ आठवडे चालला. तो पाहून खेड्यापाड्यांतील प्रेक्षक त्याच लावण्या फडाकडे मागू लागला आणि फडाने त्या उचलल्या. उचलताना सुरांचे कोंदण गळून पडले आणि ठेका पुन्हा उघडा झाला. मग पुनर्ध्वनिमुद्रण करणाऱ्याने या फेऱ्यातील कोणता टप्पा प्रमाण मानावा? चित्रपटाची ध्वनिपट्टी हाच आधार असला पाहिजे, हे उघड आहे. अन्यथा त्या कृतीला पुनर्ध्वनिमुद्रण म्हणण्यात अर्थ नाही. परंतु ध्वनिपट्टीवर जे ऐकू येते ते हातांनी कसे घडले, हे सांगणारा माणूस संगीत-महाविद्यालयापेक्षा राहुटीत सापडण्याचा संभव अधिक आहे.

'पिंजरा'च्या बाबतीत हा मुद्दा केवळ तंत्राचा राहत नाही. तत्त्वनिष्ठ शिक्षक अखेर फडात तुणतुणे धरून उभा राहतो, ही त्या चित्रपटाची मध्यवर्ती प्रतिमा आहे. तुणतुण्याला एकच तार आणि एकच सूर. चाल त्याच्यावर वाजत नाही, त्याने फक्त सूर धरून ठेवावयाचा. गाव ज्याचे ऐकत असे त्या माणसाच्या वाट्याला ज्याला स्वतःचे काही बोलता येत नाही असे वाद्य यावे, यात जे आहे ते राम कदमांना संगीताने वेगळे सांगावे लागत नाही. साठ व्हायोलिनांचा वृंद बसवून हा चित्रपट नव्याने वाजविला, तर आवाज भरदार होईल आणि ही एक तार बुडेल. 'नटरंग'मध्ये (२०१०) अजय-अतुल यांनी ढोलकी आणि मोठा वाद्यवृंद यांचा मेळ घातला, तो त्या चित्रपटाच्या भव्य कल्पनेला साजेसा होता. तोच मेळ 'पिंजरा'वर मागाहून चढविणे ही मात्र रसिकतेची चूक ठरेल.

वर्गणीचा विचार करताना 'मंथन'चे (१९७६) उदाहरण हमखास दिले जाते. गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन श्याम बेनेगलांचा हा चित्रपट उभा केला आणि चित्रपटाच्या आरंभी निर्माते म्हणून त्यांचा निर्देश झाला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचे जतन केल्यावर तो २०२४ मध्ये कान येथे दाखविला गेला. त्या वेळी ध्वनी प्रदर्शनाच्या एका जुन्या प्रतीवरून घ्यावा लागला. वनराज भाटियांचे संगीतही अर्थातच त्याच मार्गाने आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैसे देणाऱ्याचे श्रेय पडद्यावर आले. तमाशापटात ढोलकी वाजविणाऱ्याचे श्रेय सहसा आले नाही. लाला गंगावणे यांच्यासारखे एखादे नाव रसिकांच्या स्मरणाने राखले. बहुतेक वादक, ज्यांत मांग, महार आणि कोल्हाटी समाजांतील कलावंत मोठ्या संख्येने होते, निनावी राहिले. नव्या उपक्रमाने वर्गणीदारांच्या नावांची लांबलचक यादी छापावी आणि वादकांचा उल्लेख 'तालवाद्ये' या एका शब्दात उरकावा, असे झाले तर जुनाच अन्याय लोकवर्गणीच्या नावाने पुन्हा मुद्रित होईल.

कायद्याची बाजूही या ठिकाणी पाहिली पाहिजे. प्रतिलिपी-अधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३१ ग या कलमानुसार, मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे उलटली की स्वामित्वधन भरून कोणालाही त्या रचनेचे नवे ध्वनिमुद्रण करता येते. मात्र दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत बदल करता येत नाही. काही शे वर्गणीदारांच्या मंडळाला ५०,००० प्रतींचा हिशेब पेलणार नाही. त्याला हक्कधारकांशी स्वतंत्र करारच करावा लागेल. बदलाविषयीची अट तर त्याहून अवघड आहे. ज्या थराची लिपीच नाही, त्यात बदल झाला की नाही हे कोण ठरविणार? ढोलकीवाल्याने १९५९ चा तुकडा जसाच्या तसा वाजविला की आपल्या हाताने वळविला, याचा निवाडा कागद पाहून होणार नाही. तो त्या फडात वाढलेल्या दुसऱ्या ढोलकीवाल्यालाच करता येईल, आणि अशा जाणत्यांचा शोध नारायणगावच्या राहुट्यांत आजही घेता येतो.