शिसेमुक्त गोळीची अर्धीच गोष्ट

शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचे अवशेष गिधाडे खातात, शिसे त्यांच्या पोटात जाते आणि ती मरतात. म्हणून शिशाऐवजी तांबे वापरा. कॅलिफोर्नियातील काँडोर या गिधाडाची ही गोष्ट लोकप्रिय विज्ञानलेखनात नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही. १९८२ साली जगात जेमतेम २२ काँडोर उरले होते आणि वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी वापरण्यावर कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. आमची तक्रार वेगळीच आहे. या सांगण्यात खलनायक आहे, नायक आहे, तात्पर्यही आहे. विज्ञान मात्र गळून गेले आहे.

पहिली उणीव पुराव्याची. शिसे गोळीतूनच आले, हे कशावरून? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या हरणांच्या आतड्यांच्या २० ढिगांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. १८ ढिगांत गोळीचे बारीक तुकडे दिसले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात शिशाचे समस्थानिक मोजले गेले. त्यांचे प्रमाण खाणीगणिक बदलते. शिसे जास्त आढळलेल्या काँडोरांच्या रक्तातील हे प्रमाण गोळ्यांतील शिशाशी जुळले. खरी गंमत या शोधात आहे, आणि नेमकी तीच वगळली जाते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'शिशाऐवजी तांबे' हे शब्द बदलण्याइतके सोपे नाही. शिशाची घनता ११.३, तर तांब्याची ८.९. तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी सुमारे सव्वापट लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी अधिक वेगाने स्वतःभोवती फिरावी लागते, हे इंग्रज गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ साली सूत्रात मांडले. ही फिरकी नळीतील पेचदार खाचा देतात, आणि त्या तर आधीच कोरलेल्या असतात! परदेशात बरेच शिकारी पितळी नळकांड्यात नवी टोपी, मोजून दारू आणि गोळी बसवून काडतूस स्वतः भरतात. लांब गोळी आत अधिक जागा घेते. दारू तेवढीच ठेवली तर दाब वाढतो. तांबे कठीण असल्याने नळीत अधिक घासते, म्हणून गोळीच्या अंगावर आडव्या खाचा पाडतात. लांबी तेवढीच ठेवली, तर वजन सुमारे एकपंचमांशाने घटते. तीच गतिज ऊर्जा हवी असेल तर वेग सुमारे १३ टक्के वाढवावा लागतो. एक गुणधर्म बदलला की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

तिसरी उणीव स्थळाची. ही गोष्ट भोर तालुक्यातल्या भोंगवलीच्या शाळेत सांगितली, तर मुले विचारतील, 'आपली गिधाडेही शिशानेच मेली का?' नाही. भारतीय उपखंडातील गिधाडांच्या ऱ्हासामागे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध असल्याचे २००४ साली दिसून आले आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. लक्षण तेच, कारण निराळे. शिवाय आपल्याकडे हौशी शिकारीला कायद्याने मनाई आहे. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर मारायलाही वन विभागाची परवानगी लागते. शेतराखणीसाठी कायद्यात उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. साध्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि छर्रा गोल असतो. त्यामुळे लांबी आणि फिरकी यांचा प्रश्नच उद्भवत नाही. पण छर्रे शिशाचे असतील आणि जनावराच्या अंगात राहिले असतील, तर विषाचा प्रश्न तसाच उरतो. गोष्टीतले काय इकडे लागू पडते आणि काय पडत नाही, हे वेगळे करणे हाच खरा पाठ.

शिक्षकांनी ही गोष्ट टाळावी असे आम्ही म्हणत नाही. ती पुरी सांगावी. सव्वापट कुठून आले आणि १३ टक्के कुठून आले, हे मुलांकडून काढून घ्यावे. अर्थात फळ्यावरच, परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि उत्तर आले की आणखी एक प्रश्न टाकावा : गोळी तांब्याची आहे हे मान्य, पण आतड्यांचा ढीग उघड्यावर टाकलाच नाही तर?